तक्रारवही

दुकानावर पाटी अजून 'मुलाणी केबल' अशीच आहे.
जुनी डिश गंजली,
उताणी करून ठेवलीय, चिमण्या पाणी पितात तिच्यात.
आता मी नेट विकतो.
म्हणजे कुणाचं तरी नेट, माझ्या खांबांवरून.

विट्यापासून नऊ किलोमीटर.
गावातले निम्मे पुरुष गलाईला:
सिलिगुडी, कटक, कोइमतूर,
कुठल्या कुठल्या बोळात भट्टीपुढं बसून
परक्याचं सोनं शुद्ध करतात.
रात्री साडेनवाला सगळे एकदम घरी येतात
वीतभर काचेतून.
त्या वेळी माझ्या खोलीतली पेटी एवढी तापते
की तिला पंखा लावावा लागतो.

काल कंपनीचा माणूस आला.
शर्ट इस्त्रीचा, बोलणं त्याहून इस्त्रीचं.
म्हणाला, इलाहीभाई, गावाला फुकट देऊ.
फुकट म्हणजे आमचं दुकान, आमचे पिक्चर, आमच्या बातम्या.
बाकीचं पण चालेल की,
जरा हळू.
मी विचारलं, हळू म्हणजे किती?
म्हणाला, माणूस कंटाळेल इतकं.

ते माप मला ठाऊक आहे.

सरपंचाच्या मतदानाची आदली रात्र.
ज्यांच्या गच्चीवर माझा टॉवर उभा आहे
ते अण्णा स्वतः चहा घेऊन जिना चढले.
तीन नंबर गल्लीत कसला व्हिडिओ फिरतोय म्हणे,
आजच्या रातीपुरतं बघ की जरा.
वायर तोडायची नव्हती.
कुणाला वाकडं बोलायचं नव्हतं.
एका चौकटीत वीस होतं,
तिथं मी शून्य पॉइंट दोन केलं.
बोट एक, घरं अकरा.
चहा निवायच्या आत झालं.

सकाळी वैजयंता निकम आली
बिलाचे पैसे घेऊन, दोन दिवस आधीच.
भांडायला नाही.
म्हणाली, भाऊ, रात्री ह्यांचं तोंड उघडं राहिलं
अन् तिथंच थांबलं.
मी आणि पोरगी बघत बसलो,
तोंडावर चाक फिरतंय, फिरतंय.
काहीतरी सांगत होते.
आता विचारलं तर म्हणतात, काय नाय.
तेवढी वायर बघा.

उंदीर, मी म्हणालो.
उंदरानं कुरतडली असणार, वहिनी.
तिनं मान हलवली.
माझ्या हातात सुट्टे पैसे होते, ते मी दोनदा मोजले.

तिच्या नवऱ्यानं, धनाजीनं, एका दिवाळीत
मला काटा दाखवला होता, काचेच्या पेटीतला.
श्वास लागला तरी डुलतो, म्हणून दार लावून तोलायचं.
म्हणाला, काट्याला गिऱ्हाईक दिसत नाही,
दिसायला लागलं तर दुकान बंद करायचं.
तेव्हा मी हसलो होतो.

कंपनीचा कागद टेबलावर आहे, वर पक्कड ठेवलीय.
चावडीपुढं बोलणं निघालं.
मास्तर म्हणाले, हे सरकारनं ठेवावं हातात.
पोरं म्हणाली, फुकट मिळतंय तर कंपनी काय वाईट?
पतसंस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, परका नकोच,
आपला इलाही आहे की, घरचा माणूस.
घरचा माणूस खाली वाकून
बुटाची नाडी बांधायला लागला.
पायात चप्पल होती.

कुणाच्याही हातात द्या,
हाताला बोट असतंच.

सही केलेली नाही.
करणार नाही, असंही अजून कळवलेलं नाही.
तीन नंबरचं वीस मी परत वीस केलं
मतपेट्या गेल्यावर, संध्याकाळी.
तक्रारवहीत त्या तारखेपुढं,
कारणाच्या रकान्यात,
माझ्याच अक्षरात
'उंदीर' लिहिलेलं आहे.