चार नंबरची सुई

ओस्त्राव्हात, पाचव्या मजल्यावर,
म्हणजे माझ्या छताच्या वर,
व्लास्तिस्लाव राहतो आणि त्याची दोनशे लिटरची टाकी.
पहिली ओळख करून दिली एका थेंबाने,
माझ्या सूपच्या भांड्यात पडून.
पुढचं वर्षभर आम्ही एकमेकांना पाण्यात पाहिलं.

मग त्याची फुप्फुसं बादलीला नाही म्हणाली.
दार वाजलं. "ट्राम चालवतेस ना, हात घट्ट असतील."
माफी नाही, नमस्कारही नाही.

वाळू ऑस्त्राविचे नदीच्या वळणावरची,
दोन पिशव्या, शेवटच्या फेरीत माझ्याच केबिनमधून आलेल्या.
बशीत चिमूटभर, वर व्हिनेगरचे चार थेंब.
तो बशीला कान लावतो.
फसफसली तर चुनखडी,
चुनखडीने पाणी जड होतं
आणि जड पाण्यात त्याचे मासे रुसतात.
पहिली पिशवी फसफसली. परत नदीला.
दुसरी गप्प राहिली.
"ही आपली," तो म्हणाला,
जणू मुलीला स्थळ पसंत पडलं.

धुताना पाणी काळं आलं.
सातव्या बादलीला काळं, अकराव्याला राखाडी.
या गावात काहीही धुवा, आधी कोळसा निघतो.
पस्तीस वर्षं तो आठशे मीटर खाली होता,
तिथली थोडी जमीन अजून छातीत घेऊन फिरतो.
म्हणून वाळू कोरडी हाताळायची नाही.
कधीच नाही.

"बारीकच का? खडे छान दिसतात. निळेसुद्धा मिळतात."
मी ट्राम रुळांवरून उतरवली असावी
असं त्याने माझ्याकडे पाहिलं.
कोरिडोरास तळाशी जगतात,
मिशांनी चाचपत, नाक खुपसत.
धारदार खड्यांवर मिशा झिजतात.
"आणि मिशा गेल्या तर अंधारात घास कसा सापडायचा?"
बोलताना तो स्वतःची बोटं चोळत होता.

मागे आठ सेंटिमीटर, पुढे चार.
उतार असला की घाण आपण होऊन पुढे येते.
नळी वरूनच फिरवायची, खोल नाही.
आणि नळाखाली घासून काढायची नाही वाळू,
तिच्यात भाडेकरू आहेत,
दिसत नाहीत म्हणून बाहेर काढशील?

नोव्हेंबरात रात्री दोनला त्याचा फोन:
"काही पेटवू नकोस."
मी चप्पल न घालता जिना चढले.
खिडक्या सताड उघड्या, आत बर्फ येतंय,
शेगडीचा कॉक बंद, दिवे बंद,
आणि पायजम्यावर ओव्हरकोट घातलेला म्हातारा
भिंतीला पाठ लावून उभा.
घरभर सडक्या अंड्याचा वास.

टॉर्च त्याने मलाही लावू दिला नाही.
रस्त्यावरच्या उजेडात शेवटी दिसलं:
काचेला लागून, कोपऱ्यात, जिथे वाळू दाबली गेली होती,
तिथे तळहाताएवढा काळा डाग.
"खाणीतल्या गॅसला वास नसतो," तो म्हणाला.
"हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?
पण पायांना कोण समजावणार."
मग हसला, आणि हसू खोकल्यात अडकलं.

खोकला थांबल्यावर त्याने खण उघडला.
द्राहोमीराची चार नंबरची सुई,
तिच्यावर अजून एका बाहीचे टाके होते.
ते त्याने पेन्सिलीवर उतरवून घेतले,
एकही न गळू देता; वेळ लागला, मी थांबले.
मग सुई तिरकी, सावकाश, काळ्या डागात.
एक बुडबुडा आला.
मग माळच.

आता गुरुवारी आठला तो तळ टोचतो,
बादल्या माझ्या.
काळा डाग तपकिरी झालाय,
गोगलगायी रात्री तिथे नांगर धरतात असं तो म्हणतो,
मी पाहिलेल्या नाहीत.

माझ्या छतावरचा डाग मात्र तसाच आहे.
रंगाचा डबा आणून ठेवलाय.
कधी डेपोतून उशीर झाला, वर जाता आलं नाही,
तर सूप ढवळता ढवळता मी मान वर करते.
सुईचा आवाज खाली येत नाही.
कसा येईल.