राखण

भाट्याच्या पुलाअलीकडे, मासळीच्या जुन्या गोदामात
आमची प्रयोगशाळा. दोन खोल्या.
एकीत मी, सूक्ष्मदर्शक आणि वीज गेली की रुसणारा इन्क्युबेटर.
दुसरीत चोवीस उंदीर, पांढरे,
कुणाच्या कणगीला कधी तोंड न लावलेले.

रोज सकाळी त्यांच्या लेंड्या गोळा करते.
कोळशाच्या भुकटीत कालवते,
आंबोळीच्या पिठापेक्षा जरा घट्ट,
ओल्या टीपकागदावर मधोमध थापते
आणि झाकून ठेवते.
आठव्या दिवशी भिंगाखाली कागदाची कड हलत असते:
केसाहून बारीक अळ्या, शेपटीवर उभ्या,
हवेत डोलणाऱ्या.
त्यांना डोळे नाहीत. ऊब कळते.

पाचशे मोजून सुईत घेतल्या.
अकरा नंबरच्या कातडीखाली सोडल्या.
दुसऱ्या दिवशी त्या फुप्फुसात होत्या.
कान लावला तर त्याच्या छातीत घरघर,
खाडीपलीकडून येणाऱ्या होडीच्या इंजिनाएवढी.
मग तो खोकतो. घशाशी आलेलं गिळतो.
गिळलं, की त्या पोचल्या घरी.

एवढा वळसा कशाला?
तोंडातून सरळ आत जाता आलं असतं.
सरांना विचारलं, तर म्हणाले, आधी प्रबंध पुरा कर.

माझी भागीआते लावणीला अनवाणी उतरायची.
बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली की म्हणायची, चिखल्या झाल्या.
घाटी चढताना तीनदा बसायची.
ओठ तांदळाच्या धुवणासारखे.
आणि कुणी बघत नसलं की
पडवीच्या भिंतीची माती नखाने खरवडून
जिभेवर ठेवायची, बडीशेप ठेवावी तशी.
घरात वावडिंग उकळायचं ते माझ्यासाठी,
मी झोपेत दात खायचे म्हणून.
आतेसाठी कुणी उकळलं नाही.
जंत पोरांना होतात. ती तर
दोन भारे एका खेपेत आणणारी बाई.

सहाव्या दिवशी लेंडीत अंडी दिसली.
पातळ कवचाची, आत चार-आठ पेशींची द्राक्षं.
मी टाळी वाजवली. एकटीच होते.

दहाव्या दिवसानंतर उंदराचं आतडं
स्वतःहून चिकट पाझरू लागतं.
जंतांना धरायला जागा उरत नाही, सुटतात, वाहून जातात.
पुन्हा पाचशे दिल्या, तर बहुतेक वाटेतच अडतात.
आतड्याला आठवण असते, असं मी प्रबंधात
जरा अवघड शब्दांत लिहिलं आहे.
आतेच्या आतड्याला ती का नव्हती,
याला प्रबंधात प्रकरण नाही.

उरलेले किती, हे बाहेरून मोजता येत नाही.
चौदाव्या दिवशी अकरा नंबर बाहेर काढला.
घवाळीमामा दारात पिंजरे धूत होते.
"वहीत काय लिवलंस?"
सॅक्रिफाइस, मी म्हटलं.
"म्हंजे?"
बळी.
त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, तसाच धरून ठेवला.
"आमी राखणेला कोंबडा देताव.
तो राखणदाराला. वाडी सांबाळतो त्यो.
तू कोनाला देतंस गो बाय?"

बाहेर ओहोटी लागलेली.
गाळावर खेकड्यांची भोकं, बगळे, एक उलटी होडी.
मी आतडं लांबीने चिरलं,
कोमट मिठाच्या पाण्यात सोडलं
आणि मोजायला बसले.
तीन. लालसर, गुंडाळी झालेले, अजून हलणारे.
पाचशेतले तीन.
वहीत आकडा लिहिला. मामांना उत्तर दिलं नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

परवापासून बारा नंबरच्या पिंजऱ्याला
भाजलेल्या सुकटीचा वास येतो.
आमच्या ठरल्या खाद्यात सुकट नसते.
अशाने आकडे बिघडतात, हे मामांना
मी दोनदा समजावून सांगितलं आहे.

आज वास आला तेव्हा मी खिडकी उघडली.
उद्या त्याचा सहावा दिवस.