कारण नमूद करा

रात्रीचे पावणेअकरा. सिव्हिल लाइन्स.
दगडी भिंती दिवसभरचे सत्तेचाळीस अंश
आता सावकाश परत करताहेत.
सर्व्हरला एसी आहे, मला कूलर;
त्याची वाळ्याची ताटी सुकून खडखडतेय.

समोर एकशे बेचाळीस मशीन, तीन खाने:
कमी, मध्यम, उच्च.
वरून आदेश आलाय, सरसकट उच्च.
म्हणजे पेनड्राइव्ह बंद, बाहेरचं प्रत्येक पान बंद,
पडद्यावर हसणारं बाळ जाऊन खात्याचं बोधचिन्ह,
आणि पाच मिनिटं हात हलला नाही
की कुलूप.

मी फारसं कोणाला चेहऱ्यानं ओळखत नाही.
नोंदींवरून ओळखतो.
टेंभुर्णेबाई सोमवारी हमखास पासवर्ड विसरतात.
लेखा शाखेतला बोंद्रे जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ खेळतो,
हरत असावा, कारण सारखा पहिल्यापासून मांडतो.
आणि त्र्याहत्तर नंबर, आवक-जावक,
रोज पाच वाजून वीस मिनिटांनी
एकाच गाडीची वेळ बघतो. वर्ध्याहून येणारी.
दोन वर्षं झाली. रविवार सोडून.
कोण येतं, मला माहीत नाही.
येतं की नाही, तेही.

बटण दाबलं.
दीड तास लागतो आदेश शेवटच्या मशीनपर्यंत झिरपायला.
खाली पायरीवर जाऊन बसलो.
उईके चौकीदार खर्रा घोटत होता.
"काय कुलपं लावता जी, इतक्या राती?"
सांगितलं, जमेल तसं.
त्यानं कमरेचा जुडगा सोडला. सतरा चाब्या.
एक पुढं केली, दात झिजलेली.
"हे कोन्या कुलपाची आहे, मलेच मालूम नाही.
माह्याआधीच्यानं देली, त्याले त्याच्याआधीच्यानं.
फेकून देतो म्हन्तो, अन् राहूनच जाते."
मग खर्रा तोंडात टाकला आणि बोलणं संपलं.

वर आलो. अपवादांची यादी उघडली,
जी गेल्या तीन वर्षांत कोणी उघडली नव्हती,
आणि त्र्याहत्तर आत घातला.
खाली लाल चौकट उगवली:
कारण नमूद करा.
रिकामं सोडता येत नाही.
लिहिलं, "तांत्रिक". खोडलं.
लिहिलं, "वर्धा". तेही खोडलं;
उद्या लेखापरीक्षक विचारेल, वर्ध्यात काय?

कूलरचं पाणी संपलं, मोटार कोरडी घरघरायला लागली.
बादली भरून आणली, ओतली,
ताटीचा ओला वास खोलीभर झाला,
तरी चौकट तशीच, लाल, वाट बघत.

शेवटी लिहिलं, "पुढील आदेशापर्यंत."
हे काही कारण नव्हे.
पण यंत्रानं एवढंही विचारलं नाही, कोणाच्या आदेशापर्यंत;
मुकाट्यानं हिरवं झालं.

नोंदीत एक ओळ वाढली:
माझं नाव, वेळ बारा सदतीस.
आता कधीतरी कोणी
मलाही एवढ्यावरून ओळखेल.