शुद्धिपत्र

हलगेकर मॅडमची यादी टाईप करतोय सकाळपासून.
एकूण सत्तेचाळीस. विद्यापीठाला तीन प्रती हव्यात,
वर्षवार, नियतकालिकाच्या नावासकट,
कुणी किती वेळा आधार घेतला त्याचा आकडा शेजारी.

पहिला सत्याण्णव सालचा: मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठी,
फिट येणारी सोळा मुलं, खानापूर तालुका.
फायली मीच काढून दिल्या होत्या,
एकीला वाळवी, ती जिन्यात झटकून.

तेविसाव्यापाशी बोटं थांबतात.
"रुग्ण स्त्री, वय बावन्न, उजव्या हाताची,
विड्या वळण्याचे काम, निपाणी. दोन भाषा."
नाव छापत नाहीत. मला ठाऊक आहे.
तानूबाई शिंत्रे.
चूल पेटवताना पडली. फिल्मवर डावीकडे, कानाच्या वर,
चुन्याचं बोट पुसल्यासारखा डाग.
शुद्धीवर आली तेव्हा उजवा हात लुळा,
मराठी गेलेली, कानडी शाबूत.
"सेके, सेके" म्हणायची, म्हणजे उकडतंय;
आणि दशरथ, तिचा मुलगा,
शेक हवाय समजून
गरम पाण्याची पिशवी आणायचा.

मॅडमनी लिहिलं: मातृभाषा गेली, नंतर शिकलेली उरली.
असं क्वचित होतं म्हणे.
एकशे बारा जणांनी आधार घेतला,
त्यात एक स्वीडनचा.

मातृभाषेच्या चौकोनात "मराठी" मी लिहिलं होतं.
विचारलं नव्हतं.
मंगळवार होता, ओपीडीची रांग पोर्चपर्यंत,
बाईचं आडनाव आपल्यातलं, गाव निपाणी,
आणि माझ्या हाताला सवय.
ह्या एका शब्दासाठी आमच्याकडे माणसं मोर्च्याला गेलीत,
माझा मामा लाठी खाऊन आला होता.
मी वर मानसुद्धा केली नाही.

दोन वर्षांनी दशरथ तिच्या मृत्यूचा दाखला न्यायला आला.
सहज बोलला: आईचं माहेर मुडलगीकडचं,
लग्नाआधी मराठीचा शब्द येत नव्हता तिला.
मी दाखला दिला. शिक्का मारला. उलटा पडला.

म्हणजे अजब काहीच झालं नव्हतं.
आधीचं राहिलं, वरचं गेलं.
भिंतीचा नवा रंग आधी उडतो, तेवढंच.

तीन दिवस डबा तसाच घरी नेला.
चौथ्या दिवशी सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला,
बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बसा की."
रागावल्या असत्या तर उभं राहता आलं असतं.

चोविसावं: शुद्धिपत्र. अर्धं पान.
"लेखनिकाच्या चुकीमुळे" अशी सुरुवात.
जगाच्या वैद्यकशास्त्रात माझा उल्लेख एवढाच.
त्याचा आधार आजवर कुणी घेतलेला नाही.
तेविसाव्याचा घेतात अजून,
गेल्याच महिन्यात दोघांनी.

विद्यापीठाच्या फॉर्मात शुद्धिपत्राला रकाना नाही.
मी विचारलं, गाळू का मॅडम, सेहेचाळीस काय वाईट आहेत?
"हातानं लिहा," त्या म्हणाल्या,
"आणि पुढं आकडाही लिहा त्याचा."
शून्य. गोल नीट काढलं.

मध्येच खिडकीवर एक म्हातारा, गोकाककडचा,
नातवाच्या आधारानं उभा.
नाव लिहिलं, वय लिहिलं. मातृभाषा?
"कुणाची सांगू? आई लवकर गेली.
आजीजवळ वाढलो, ती वडारी बोलायची.
भांडायची मात्र कानडीत.
आणि झोपेत मी काय बोलतो
ते बायकोला विचारायला पायजे, ती आली नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "लवकर आटपा की वो!"

चौकोन दीड इंचाचा.
मी कागद आडवा केला
आणि समासात लिहायला लागलो.