चार मिलिमीटर

रबाळ्याचा गाळा. शटर अर्धं ओढलेलं.
डिझेलात धुतलेले भाग
जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडलेत,
निघाले त्याच्या उलट क्रमानं.

पिस्टन. खोबणीत ओ-रिंग, तिच्या मागे बॅकअप रिंग.
मागे म्हणजे कुठल्या बाजूला,
यावरून जोमा मढवी एकदा दिवसभर बोलला नव्हता माझ्याशी.
संध्याकाळी म्हणाला,
"दाब कुठशी येतो तं बघ गो आदी,
मंग रिंगला पाठ दे."

नख लावायचं नाही.
बोटाला तेल घेऊन, पीळ न पडू देता,
कासार बांगडी भरतो तशी सरकवायची.

मग व्हॉल्व्हचा बॉल.
तोच घरंगळला.
टॉर्च, चुंबक, गुडघे.
बाकाखाली तीन बॉल सापडले,
तिन्ही कुठल्या कुठल्या जुन्या कामांतले.
माझा माझ्याच चपलेच्या टाचेत रुतलेला.
पुन्हा धुतला.

कटर फायर ब्रिगेडचा आहे.
जबड्याच्या सांध्यात निळा टवका होता, गाडीच्या रंगाचा.
कुठली गाडी, मी विचारलं नाही.
टवका काडेपेटीत ठेवला,
का, ते मलाही सांगता येणार नाही.

साडेअकरा.
तेल भरलं, हवा काढली,
जबड्यात बारा एमएमची सळई धरली.
काटा चढला, अडला, चढला.
सळई तुटली. आवाज फारसा झालाच नाही.

आणि फडक्यावर एक वॉशर उरलाय,
पातळ, तांब्याचा.

कुठे गळत नाहीये.
आत्ता.

बाहेर गाडीत त्यांचा ड्रायव्हर झोपलाय,
पाय खिडकीबाहेर.
मी पाना उचलते.