उंचीची वजाबाकी

पहिला प्रश्न सोपा असतो:
तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे?
पाच चौकोन. एकात फुली मारायची.

लिमात, सान इसिद्रोच्या नवव्या मजल्यावर
सेन्योरा ग्रासिएलांनी चहा मागवला आणि
अर्धशिशी, थायरॉईड, डावा गुडघा, झोप
अशी नावं घेतली, सोयऱ्याधायऱ्यांची घ्यावीत तशी.
एकही दुखणं बिननावाचं नव्हतं.
मी फुली मारली: बरी नाही.

तीन दिवसांनी हुआन्काव्हेलिकाच्या वर,
बस थांबते त्याच्याही पुढे दोन तास,
सातुर्निना ताइपे बटाटे निवडता निवडता खोकली.
खोकला संपेपर्यंत मी पेन धरून थांबले.
मग म्हणाली, बरं चाललंय की.
दुखतं?
दुखतं. पण ते सगळ्यांचंच.
वयच तसं. (एकेचाळीस.)
मी फुली मारली: चांगली.

ऑफिसात रकाने जुळवले तेव्हा
गरीब ठणठणीत निघाले
आणि श्रीमंत अंथरुणाला खिळलेले.
ओर्लान्दो, आमचा आकडेवाला, म्हणाला,
सगळ्यांना डोंगरात धाडा, औषधपाण्याचा खर्च वाचेल.
हसलं कुणी नाही.

म्हणून पुढच्या खेपेला विचारायचं नाही, मोजायचं.
सातुर्निनाच्या पोरीच्या, युलीसाच्या, बोटातून एक थेंब.
यंत्र म्हणालं, साडेतेरा.
साडेतेरा म्हणजे झकास;
पण इथली हवा विरळ, रक्त आपसूक दाट होतं,
तेव्हा तक्ता बघून उंची वजा करायची.
वजा केली.
युलीसा आजारी झाली.
बोट चोखत ती कोकराच्या मागे पळाली.

दोन वर्षांनी तक्ताच बदलला.
वजाबाकी जराशी सैल झाली,
जुनी फाईल नव्या तक्त्यातून काढली
आणि तोच थेंब, तीच पोर
कागदातल्या कागदात बरी झाली.
गोळी नाही, मांसाचा तुकडा नाही.
डोंगर आणि समुद्र यांच्यातली दरी
एका दुपारीत केवढी बुजली!
नकाशा मीच रंगवला,
लाल होतं तिथे फिकट नारिंगी.

खरं कोणतं ते मला विचारू नका.
मला थेंब घेता येतो.

या वर्षी गेले तर सातुर्निनानंच विचारलं,
झऱ्यापासून इथवर किती वेळा बसलीस?
तिची आई असंच विचारायची म्हणे.
एकदा बसलं तर काही नाही,
तीनदा बसलं की माणसावर लक्ष ठेवायचं.
ती स्वतः दोनदा बसते. पोरसाली एकदाच.
युलीसा बसतच नाही.

मी म्हणाले, पाच.
खरं तर सहा.

तिनं काही लिहून घेतलं नाही.
चुलीजवळचं मेंढीचं कातडं झटकलं,
मला आडवं केलं,
कोकाच्या पानांचं पाणी ठेवलं
आणि दारातून खालच्या घराला ओरडून सांगितलं,
लिमाची बाई आजारी आहे.