बावीस टक्के

कंपनीच्या वकिलाने विचारलं,
"हातांना तर काही झालं नाही ना?"
नाही, म्हटलं. हात शाबूत आहेत.

साहेब, तांबट आळीत चाळीस वर्षं
मांडी घालून हंडे ठोकले.
ठोका हातातून निघत नाही,
कंबरेतून निघतो.
हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

सिव्हिलच्या डॉक्टरांनी लिहिलं, बावीस टक्के.
जणू उरलेला अठ्ठ्याहत्तर
सकाळी उठून दुकान उघडतो.

द्वारकेला ज्या गाडीने मागून उडवलं
तिच्या बॉनेटचा पोचा आठवड्यात निघाला,
बिलही पास झालं.
माझी ही अकरावी तारीख.

पोचा बाहेरून निघत नसतो साहेब,
भांड्याच्या आत हात घालून, हळूहळू,
कुठे पिचलंय ते बोटांनी...
"मुद्द्यावर या," न्यायाधीश म्हणाले,
आणि शिपायाला खुर्ची आणायला सांगितली.

मी उभाच राहिलो.
बसलो असतो तर उठताना
तोंडातून जो आवाज निघतो
तो चारचौघांत निघाला असता.

बाहेर, सीबीएसच्या गोंगाटात
कुलथे मॅडम फाइल आपटत म्हणाल्या,
"अहो काका,
तोच तर पुरावा होता."